अमेरिकेतल्या घराला कीपॅडचा डेडबोल्ट कसा बसवायचा

घराचं क्लोजिंग, म्हणजे खरेदीची कागदपत्रं, पूर्ण झालं आणि किल्ल्या हातात आल्या की सगळ्यात आधी बाहेरच्या दारांची कुलपं बदला. त्या किल्ल्यांच्या किती प्रती निघाल्या आणि त्या कुणाकुणाकडे राहिल्या, हे विकणाऱ्यालाही नेमकं सांगता येत नाही. रंगारी, एजंट, शेजारी, आधीचा भाडेकरू अशा अनेकांच्या हातांतून त्या गेलेल्या असतात. कुलूप बदलायचंच आहे तर कीपॅडचं घ्यावं असं बहुतेकांना वाटतं, आणि ते योग्यच आहे. मुलं शाळेतून परततात, आई-बाबा सहा महिन्यांसाठी येतात, कुणी ना कुणी बाहेर अडकतं. अशा घरात चार आकडे लक्षात ठेवणं किल्ली सांभाळण्यापेक्षा फार सोपं.

दाराला भोकं आधीच असतील तर हे काम तासाभरात घरच्या घरी होतं. पण एक गोष्ट सुरुवातीलाच मनात पक्की करा. कीपॅडचं कुलूप बिघडलं असं लोक म्हणतात, तेव्हा बहुतेक वेळा बिघाड कुलपात नसतो, दार आणि चौकट यांच्या जुळणीत असतो. हाताने कुलूप लावताना आपण नकळत दार ओढतो, ढकलतो, खांद्याने रेटतो. कीपॅडच्या कुलपात हे काम मोटर करते, आणि मोटरला खांदा नसतो. बोल्ट, म्हणजे चौकटीत शिरणारा कुलपाचा दांडा, अडला की ती घुरघुरते, थांबते, आणि बॅटरी संपवते. म्हणून खालच्या पायऱ्यांमधली पाचवी सगळ्यात लांब आहे. ती गाळू नका.

१. आधी परवानगी, मग दार

भाड्याच्या घरात राहत असाल तर घरमालकाची लेखी परवानगी घ्या. ईमेल चालतो, तोंडी होकार नको. मालकाला आत येण्याची सोय हवी असते, त्यामुळे त्याला किल्ली किंवा स्वतंत्र कोड द्यावा लागेल असं धरून चला. जुनं कुलूप, त्याचे स्क्रू आणि किल्ल्या एका पिशवीत घालून जपून ठेवा. घर सोडताना तेच परत बसवायचं आहे. टाउनहाउस किंवा काँडो असेल तर एचओएचे, म्हणजे तिथल्या घरमालकांच्या संघटनेचे, नियम वाचा. काही ठिकाणी बाहेरून दिसणाऱ्या कुलपाचा रंगसुद्धा ठरलेला असतो.

आता दार पाहा. दाराच्या मुठीच्या वर वेगळं गोल कुलूप आहे आणि ते फिरवलं की चौकोनी जाड बोल्ट बाहेर येतो, तर तो डेडबोल्ट. त्याच्या जागी कीपॅडचं कुलूप बसतं. मूठ आणि कुलूप एकाच लांब पेटीत दाराच्या कडेत बसवलेलं असेल, तर ते मॉर्टिस कुलूप. न्यूयॉर्क किंवा बॉस्टनच्या जुन्या इमारतींत ते भरपूर दिसतं. त्यावर हा लेख लागू नाही, त्यासाठी लॉकस्मिथच बोलवा.

२. मापं घ्या, मगच दुकानात जा

जुनं कुलूप काढून चार मापं घ्या आणि कागदावर लिहा.

- दाराची जाडी. अमेरिकेत बाहेरचं दार सहसा पावणेदोन इंच, म्हणजे ४४ मिलिमीटर जाड असतं. बहुतेक कुलपं १-३/८ ते १-३/४ इंच जाडीला बसतात. त्याहून जाड दाराला वेगळा किट लागतो.
- दारातल्या मोठ्या भोकाचा व्यास. तो २-१/८ इंच, म्हणजे ५४ मिलिमीटर हवा. जुन्या घरांत दीड इंचाचं भोक सापडतं, ते मोठं करावं लागेल.
- बॅकसेट, म्हणजे दाराच्या कडेपासून मोठ्या भोकाच्या मध्यापर्यंतचं अंतर. ते २-३/८ इंच किंवा पावणेतीन इंच असतं. डब्यातला बोल्ट फिरवून किंवा ओढून दोन्ही मापांना बसवता येतो.
- दाराच्या कडेतलं भोक. ते एक इंचाचं असतं.

डेडबोल्ट आणि खालची मूठ यांत किती जागा आहे तेही बघा. कीपॅडच्या कुलपाचा आतला भाग बॅटऱ्यांमुळे लांबट असतो आणि मुठीवर आपटू शकतो. बाहेर जाळीचं किंवा काचेचं स्टॉर्म डोअर असेल तर ते बंद केल्यावर कीपॅडला घासणार नाही ना, हेही आताच पाहा. दक्षिणेकडे तोंड असलेल्या दारावर पूर्ण काचेचं स्टॉर्म डोअर असेल तर दोन दारांच्या मध्ये उन्हाळ्यात प्रचंड उष्णता कोंडते. ती कीपॅडला मानवत नाही.

भोकंच नसतील तर होल सॉचा, म्हणजे गोल भोक पाडणाऱ्या करवतीचा, किट आणि कागदी टेम्प्लेट घेऊन ती पाडावी लागतात. लाकडी दारात हे जमतं. स्टीलच्या किंवा फायबरग्लासच्या दारात पहिल्यांदाच हात घालत असाल तर जाणकार माणूस सोबत घ्या. घर १९७८ च्या आधीचं असेल तर दाराच्या जुन्या रंगात शिसं असू शकतं. घरात लहान मूल असेल तर तो रंग तपासल्याशिवाय कोरडा घासू नका, कापू नका.

३. कुठलं कुलूप घ्यायचं

दुकानात रांगेने डबे मांडलेले असतात आणि प्रत्येकावर ‘स्मार्ट’ लिहिलेलं असतं. पहिल्यांदा घेताना साधं कीपॅडचं कुलूप घ्या, असं माझं स्पष्ट मत आहे. त्यात वायफाय नाही, ॲप नाही, फक्त आकडे, मोटर आणि बॅटरी. वायफायचं कुलूप सतत जोडलेलं राहतं, त्यामुळे त्याची बॅटरी लवकर उतरते. शिवाय अशी बरीच कुलपं फक्त २.४ गिगाहर्ट्झच्या वायफायवर चालतात, आणि नवखा माणूस तिथेच अडकतो. दूरवरून दार उघडण्याची खरोखर गरज असेल, उदाहरणार्थ घर भाड्याने देत असाल, तर वायफायचं कुलूप जरूर घ्या.

डब्यावर दर्जा पाहा. एएनएसआय-बीएचएमए या कुलपांच्या अमेरिकी मानकात ग्रेड १ सगळ्यात भक्कम, ग्रेड ३ सगळ्यात हलका. घरगुती कुलपांच्या नव्या डब्यांवर तीन अक्षरंही दिसतात. ती सुरक्षा, टिकाऊपणा आणि फिनिश यांसाठी असतात आणि तिन्ही ए म्हणजे उत्तम.

किल्लीचं भोक असलेलंच मॉडेल घ्या. विनाकिल्लीची कुलपं दिसायला सुरेख असतात आणि त्यांत बॅटरी मेली तर बाहेरून ९ व्होल्टची बॅटरी टेकवून ती जागी करायची सोय बऱ्याचदा असते. पण रात्री अकरा वाजता बर्फात उभं राहून ९ व्होल्टची बॅटरी शोधायची वेळ कुणावर येऊ नये. खालच्या मुठीला किल्ली असेल तर शक्यतो त्याच कंपनीचं कुलूप घ्या. श्लेग आणि क्विकसेट या इथल्या दोन मोठ्या कंपन्यांच्या किल्ल्यांचे आकार वेगळे असतात, त्यामुळे दोन्ही कुलपं एकाच किल्लीने उघडतील अशी करून घेणं अवघड जातं.

भारतातून फोन येतो, ‘आमच्या फ्लॅटलाही असंच एक घेऊन ये.’ आणू नका. आपल्याकडची फ्लश दारं पातळ असतात, बरीचशी ३० ते ३५ मिलिमीटर जाडीची, आणि त्यांना ५४ मिलिमीटरचं भोक नसतं. तिकडे तिथल्या दारांच्या मापाची डिजिटल कुलपं मिळतात आणि कंपनीचा माणूस येऊन ती बसवून देतो.

४. हाताशी काय हवं

- फिलिप्स स्क्रू ड्रायव्हर, नंबर २
- मोजपट्टी आणि पेन्सिल
- पटाशी आणि लहान हातोडी
- लोखंडाची कानस
- ड्रिल, पण फक्त चौकटीतल्या भोकांसाठी
- तीन इंची लाकडाचे स्क्रू, निदान सहा
- नव्या अल्कलाइन डबल-ए बॅटऱ्या, सहसा चार
- खडू किंवा जुनी लिपस्टिक
- खरेदीची पावती, माहितीपत्रक, आणि भाड्याचं घर असेल तर परवानगीचा ईमेल

डबा उघडला की सगळ्यात आधी माहितीपत्रकावरच्या किंवा आतल्या भागाच्या पाठीवरच्या स्टिकरचा फोटो काढा. काही मॉडेलमध्ये कारखान्यातून दिलेला प्रोग्रॅमिंग कोड फक्त तिथेच छापलेला असतो. कुलूप एकदा दाराला बसलं की पाठीवरचं स्टिकर दिसत नाही.

५. बोल्ट अडतो का ते तपासा

मापांसाठी काढलेलं जुनं कुलूप परत बसवा आणि आधी त्याच्यावरच चाचणी करा. दार हलकेच लोटून बंद करा. हात दारावरून पूर्ण काढा. आता आतून कुलूप लावायची पट्टी दोन बोटांनी फिरवा. बोल्ट काहीही न ढकलता, न ओढता सरकन चौकटीत गेला पाहिजे आणि तसाच परत आला पाहिजे. गेला तर पुढच्या पायरीवर जा. दार जरा ओढावं लागलं तर इथेच थांबा आणि ते दुरुस्त करा.

बोल्ट कुठे अडतो ते शोधायला त्याच्या टोकाला खडू किंवा लिपस्टिक लावा, दार बंद करा आणि पट्टी फिरवा. चौकटीवरच्या धातूच्या पट्टीवर, म्हणजे स्ट्राइक प्लेटवर, डाग उमटेल. देव्हाऱ्यातलं कुंकू मात्र वापरू नका, पांढऱ्या रंगावरचा तो डाग जात नाही. डाग भोकाच्या वर, खाली की बाजूला आहे, त्यावरून दुखणं कळतं.

डाग भोकाच्या खालच्या काठावर असेल तर दार खाली बसलं आहे. इथलं बाहेरचं दार जड असतं आणि वरच्या बिजागरीचे आखूड स्क्रू हळूहळू सैल होतात. आधी ते घट्ट करा. तरीही दार उचललं गेलं नाही तर वरच्या बिजागरीतला चौकटीकडचा एक स्क्रू काढून तिथे तीन इंची स्क्रू घाला. तो चौकटीच्या पातळ फळीतून पुढे जाऊन आतल्या जाड खांबात रुततो आणि दाराचं वरचं टोक चौकटीकडे ओढून घेतो. पाव-पाव फेरा फिरवत जा आणि दर वेळी दार लावून पाहा. जास्त ओढलं तर दार दुसरीकडे घासायला लागेल.

डाग बाजूला असेल, म्हणजे दार पुरेसं आत जात नसेल, तर कडेचा रबर किंवा फोमचा पट्टा दाराला मागे ढकलतो आहे का ते पाहा. नव्या, फुगीर पट्ट्यामुळे असं हमखास होतं. एक-दीड मिलिमीटरचाच फरक असेल तर स्ट्राइक प्लेटचं भोक कानशीने त्या बाजूला घासून मोठं करा. त्याहून जास्त असेल तर प्लेट काढून सरकवा आणि पटाशीने लाकडात नवी खाच करा. जुन्या भोकांत लाकडाच्या काड्या आणि सरस भरून ती बुजवा, नाहीतर नवा स्क्रू जुन्या वाटेने घसरतो.

आता खोली. डेडबोल्ट पूर्ण बाहेर आला की एक इंच पुढे येतो. प्लेटच्या मागचं भोक निदान तेवढं खोल हवं. बऱ्याच घरांत ते जेमतेम पाऊण इंच असतं. बोल्ट आतल्या लाकडाला टेकतो, मोटरला वाटतं काहीतरी अडलं, आणि ती बोल्ट परत ओढून घेते. हाताने फिरवताना हे लक्षात येत नाही, कारण पट्टी जवळजवळ पूर्ण फिरते. ड्रिलने भोक एक इंचाहून थोडं जास्त खोल करा आणि आतला भुसा काढून टाका.

हे झालं की स्ट्राइक प्लेट तीन इंची स्क्रूंनी बसवा. डब्यातले आखूड स्क्रू फक्त चौकटीच्या फळीत धरतात, आणि ती फळी पाऊण इंचाच्या आसपास जाड असते. दाराला लाथ बसली तर कुलूप तुटत नाही, ती फळी फाटते. कुलूप कितीही महाग असलं तरी चोराला अडवणारं काम हे स्क्रूच करतात. शेजारी उभी काच असलेल्या दारात मात्र आधी पाहा. चौकट आणि काच यांच्यात जागा कमी असेल तर लांब स्क्रू काचेत घुसू शकतो.

हवेचाही विचार करा. लाकडी दार जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत फुगतं आणि जानेवारीत आक्रसतं. हिवाळ्यात कुलूप बसवत असाल तर भोकाला थोडी मोकळीक ठेवा.

६. बोल्ट आणि बाहेरचा भाग

जुन्या कुलपाचे आतले दोन स्क्रू काढले की दोन्ही भाग सुटतात. मग दाराच्या कडेतले दोन स्क्रू काढून बोल्ट बाहेर ओढा. जुना बोल्ट ठीक दिसला तरी डब्यातला नवाच बसवा, कारण मोटर त्याच्या मापाची असते. नवा बोल्ट बॅकसेटप्रमाणे जुळवा, वरची बाजू वर ठेवा आणि कडेत बसवा. त्याची पट्टी दाराच्या कडेशी सपाट बसली पाहिजे.

पुढच्या कामात चार गोष्टी सांभाळा:

- बोल्ट आत ओढलेला असला पाहिजे. बाहेर आलेल्या बोल्टवर कुलूप बसवलं तर सगळं उलटं चालतं.
- बाहेरच्या भागातून येणारी चपटी पट्टी, म्हणजे टेलपीस, चित्रात दाखवली आहे तशीच उभी किंवा आडवी ठेवा.
- कीपॅडची वायर दारातून आत घ्यायची असते. बहुतेक मॉडेलमध्ये ती बोल्टच्या खालून जाते. ती बोल्टच्या हालचालीच्या वाटेत आली तर काही दिवसांत चिरडते.
- बाहेरच्या भागामागचं रबर सुरकुती न पडता सपाट बसलं पाहिजे. पावसाचं पाणी तेवढ्यानेच अडतं.

दोन हात कमी पडतात. कुणालातरी बाहेरून कीपॅड धरायला सांगा, किंवा रंगाऱ्याची निळी टेप लावून तो तात्पुरता चिकटवा.

७. आतला भाग

आधी आतली धातूची पाटी स्क्रूंनी बसवा. वायर तिच्या खाचेतून बाहेर घ्या. दोन्ही स्क्रू आळीपाळीने, थोडे थोडे आवळा. एकच पूर्ण आवळला तर कीपॅड वाकडा बसतो. पॉवर ड्रिल इथे वापरू नका. जास्त आवळलं की दोन्ही भाग दाराला दाबतात, टेलपीस घासते आणि बोल्ट जड होतो. स्क्रू आवळून झाले की किल्लीने कुलूप दोन-तीनदा फिरवून पाहा. जड वाटलं तर स्क्रू अर्धा फेरा सैल करा.

मग वायरचा कनेक्टर आतल्या भागात जोडा. तो एकाच दिशेने बसतो, जोर करू नका. उरलेली वायर त्याच्यासाठी केलेल्या खोबणीत नीट गुंडाळा, मग आतला भाग टेलपीसवर सरकवून स्क्रू लावा.

८. बॅटरी आणि दिशेची ओळख

दार उघडं ठेवा. ही पायरी चुकली की लोक घराबाहेर अडकतात.

आता बॅटऱ्या घाला. बऱ्याच कुलपांना दार डावं आहे की उजवं, म्हणजे बिजागऱ्या कुठल्या बाजूला आहेत, हे पहिल्यांदा शिकवावं लागतं. काही आपोआप बोल्ट आत-बाहेर करून शिकतात, काहींत एक बटण दाबून धरत बॅटरी घालायची असते. माहितीपत्रकातलं हे पान शब्दशः पाळा. माहितीपत्रकात वेगळं सांगितलं नसेल तर रिचार्जेबल किंवा लिथियम बॅटऱ्या घालू नका. त्या शेवटपर्यंत जवळजवळ पूर्ण व्होल्टेज देतात आणि मग एकदम बसतात, त्यामुळे कुलूप ‘बॅटरी कमी’ असा इशारा वेळेवर देऊ शकत नाही.

उघड्या दारातच कोड दाबून बोल्ट बाहेर-आत करून पाहा. मग दार बंद करून, पण कुणालातरी आत ठेवून, बाहेरून कोड आणि किल्ली दोन्ही तपासा.

९. कोड ठरवताना

प्रोग्रॅमिंगचा मुख्य कोड आणि दार उघडायचा कोड हे बऱ्याच मॉडेलमध्ये वेगवेगळे असतात. मुख्य कोड घरातल्या मोठ्यांपुरताच ठेवा. कारखान्यातून आलेले कोड पहिल्याच दिवशी पुसून टाका.

चार आकड्यांचे दहा हजार कोड होतात, सहा आकड्यांचे दहा लाख. कुलूप परवानगी देत असेल तर सहा घ्या. घर नंबर, जन्मसाल, फोनचे शेवटचे आकडे, १२३४ हे टाळा. तारीखही नको. त्यात आपल्या घरांपुरती आणखी एक गडबड असते: मुलं अमेरिकन पद्धतीने महिना आधी म्हणतात, आजी-आजोबा दिवस आधी म्हणतात, आणि ऐनवेळी दार उघडत नाही. काही वेळा चुकीचा कोड दाबला की कीपॅड थोडा वेळ बंद होतो. तेव्हा थांबायचं, पुन्हा पुन्हा बटणं दाबायची नाहीत, हे आई-बाबांना आधीच सांगा.

प्रत्येकाला वेगळा कोड द्या. मुलांना एक, आई-बाबांना एक, घर साफ करायला येणाऱ्यांना एक. काम संपलं की तेवढाच कोड पुसता येतो, बाकीच्यांना नवा पाठ करावा लागत नाही. भारतातून आलेल्या ज्येष्ठांसाठी कोड ॲपपेक्षा फार बरा, कारण त्यांच्याकडे इथला फोन नंबर नसतो आणि बाहेर फिरायला जाताना मोबाइलला डेटाही नसतो. ते आले की पहिल्याच दिवशी दुपारच्या उजेडात त्यांच्याकडून पाच-सहा वेळा दार उघडून घ्या. कीपॅडचा दिवा कसा लागतो आणि शेवटी कुठलं बटण दाबायचं, हे हातानेच लक्षात राहतं.

वर्षातून एकदा कोड बदला. रोज तीच बटणं दाबली की ती झिजतात किंवा चमकायला लागतात, आणि बघणाऱ्याला कोणते आकडे वापरात आहेत ते कळतं.

१०. ऑटो-लॉक लगेच सुरू करू नका

ठरावीक वेळाने आपोआप बंद होणं ही सोय चांगली आहे, पण पहिले काही आठवडे ती बंद ठेवा. दार बंद आहे की उघडं, हे ओळखणारा सेन्सर साध्या मॉडेलमध्ये नसतो. दार अर्धवट उघडं राहिलं तरी बोल्ट बाहेर येतो, मग वाऱ्याने दार आपटतं आणि तो चौकटीवर बसतो. चौकट फुटते किंवा बोल्ट वाकतो. घरातल्या सगळ्यांना दार नीट लोटायची सवय झाली की मग सुरू करा. वेळ जितकी जास्त ठेवता येईल तितकी ठेवा.

काही घरांत बाहेरच्या दाराला आतून आणि बाहेरून, दोन्हीकडून किल्लीनेच उघडणारी कुलपं आढळतात. ती काढून टाकायची हीच संधी आहे. आग लागली तर आतून किल्ली शोधत बसावं लागू नये, म्हणून बाहेर पडायचं दार आतून किल्लीशिवाय उघडलं पाहिजे असं इथली घरांच्या बांधकामाची नियमावलीही सांगते. कीपॅडच्या डेडबोल्टला आतून फिरवायची पट्टी असतेच.

११. पुढची देखभाल

लाल दिवा किंवा वेगळा आवाज आला की त्याच आठवड्यात चारही बॅटऱ्या एकदम बदला. जुन्या-नव्या मिसळू नका. इशारा आला नाही तरी दर वर्षी थंडी सुरू होण्याआधी बदललेल्या बऱ्या. साध्या मॉडेलमधले कोड बॅटरी काढल्यावर सहसा जात नाहीत, तरी ते कुठेतरी लिहिलेले असू द्या.

किल्लीच्या भोकात तेल घालू नका, त्यावर धूळ चिकटते. कोरडं ग्रॅफाइट किंवा कोरडं वंगण वापरा. एक किल्ली घराबाहेर, पण विश्वासू माणसाकडे असावी. पायपुसण्याखाली, कुंडीत किंवा दिव्याच्या मागे नको, त्या जागा सगळ्यांना माहीत असतात.

मोटर घुरघुरायला लागली की नवं कुलूप शोधायच्या आधी पाचव्या पायरीतली दोन बोटांची चाचणी पुन्हा करा.

घर विकताना किंवा भाडेकरू बदलताना कुलूप फॅक्टरी रीसेट करा. त्याने सगळे वापरकर्ता कोड जातात आणि स्टिकरवरचे मूळ कोड परत येतात, किंवा नव्या मालकाला स्वतःचा मुख्य कोड ठेवता येतो. स्टिकरचा फोटो, माहितीपत्रक आणि दोन्ही किल्ल्या एका पाकिटात घालून त्यांना द्या.